फ्रेंच क्रियापदांचीं अक्षरें व त्यांवरील आघात

कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली एक लहानशी गोष्ट आम्ही प्रथम सांगतों. कारण हा लेख तिच्यांतूनच जन्मला आहे. आमच्या फ्रेंचच्या वर्गांत एक अत्यंत मेहनती विद्यार्थी होता. क्रियापदांचीं रूपें त्यास इतकीं मुखोद्गत होतीं कीं, झोपेंतून उठवून विचारलें असतां तो तिन्ही पुरुष व दोन्ही वचनें न अडखळतां म्हणून दाखवी. लेखी परीक्षेंत त्याचा पहिला क्रमांक ठरलेलाच असे. एके दिवशीं एक फ्रेंच गृहस्थ शाळा पाहावयास आले. त्यांनीं या मुलाच्या पाठीवर हात ठेवून कौतुकानें विचारलें, 'ते पारां, इल् पार्ल् फ्रांसे?' म्हणजे, 'तुझे आईवडील फ्रेंच बोलतात काय?' प्रश्न पहिल्या पाठांतल्या शब्दांचा; परंतु आमचा विद्यार्थी पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहत उभाच राहिला. पाहुणे हंसले, त्यांनीं इंग्रजींत दोन गोड शब्द सांगितले आणि ते पुढच्या वर्गांत गेले. मग तो मुलगा डोळ्यांत पाणी आणून आम्हांस म्हणाला, 'सर, त्यांनीं 'बोलतो' असें एकवचन कां वापरलें? मला वाटलें, ते कोणा एकाविषयीं विचारीत आहेत.'

पाहुण्यांनीं एकवचन मुळींच वापरलें नव्हतें. त्यांनीं शुद्ध अनेकवचन योजिलें होतें. परंतु तें अनेकवचन आमच्या विद्यार्थ्यानें केवळ डोळ्यांनीं पाहिलें होतें, कानांनीं कधीं ऐकलें नव्हतें. वहींत तें सात चिन्हांनीं लिहिलें जातें: पी, ए, आर, एल, ई, एन, टी. तो तें 'पार्लेंत' असें दोन अक्षरांत, इंग्रजीच्या धर्तीवर वाची, आणि आम्हीही 'पुढें सुधारेल' म्हणून तिकडे काणाडोळा करीत असूं. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. तो भरून काढावा व इतरांवर तसा प्रसंग येऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं दोन गोष्टी शिकाव्या लागतात: क्रियापदाच्या रूपाचीं अक्षरें कशीं पाडावीं, व त्यांतील कोणत्या अक्षरावर आघात द्यावा. या दोन गोष्टी केवळ उच्चाराच्या सोयीच्या नाहींत. ज्या अनियमित क्रियापदांमुळें आपण रात्री जागवितां, त्यांतील पुष्कळांचें मर्म याच दोन गोष्टींत सांठविलेलें आहे, हें शेवटीं दिसून येईल.

प्रथम 'अक्षर' म्हणजे काय, याचा उलगडा केला पाहिजे. मराठींत हा शब्द आपण दोन अर्थांनीं वापरतों. कागदावर काढलेलें चिन्ह तेंही अक्षर, आणि एका स्वराच्या दमांत जो ध्वनिसमूह आपण उच्चारितों तोही अक्षरच. या लेखापुरतें आम्ही कागदावरील चिन्हास 'वर्ण' म्हणूं, व 'अक्षर' हा शब्द दुसऱ्या अर्थासाठीं राखून ठेवूं. जितके उच्चारित स्वर तितकींच अक्षरें, हा नियम मराठी व फ्रेंच या दोन्ही भाषांस लागू आहे.

आपल्या मातृभाषेंतच पाहा. 'कमळ' हा शब्द तीन वर्णांनीं लिहिला जातो. परंतु बोलतांना आपण 'क-मळ्' अशीं दोनच अक्षरें उच्चारितों. 'बसतो' यांतही वर्ण तीन, परंतु अक्षरें 'बस्-तो' हीं दोनच. लिहिलेला 'अ' बोलतांना लोप पावतो, व लहानपणापासून कान तयार झाल्यामुळें त्याचें आपणांस नवल वाटत नाहीं. मात्र एकादा परकी मनुष्य मराठी नुकतीच शिकून 'ब-स-तो' असें सुटें सुटें बोलूं लागला, म्हणजे आपणांस हंसूं येतें. आमचा विद्यार्थी 'पार्लेंत' म्हणे, तेव्हां फ्रेंच मनुष्याच्या कानास अगदीं असेंच वाटत असलें पाहिजे.

आपल्या या लुप्त 'अ'चा जुळा भाऊ फ्रेंच भाषेंत आहे. त्यास तेथील वैयाकरण 'मुका ई' असें म्हणतात. शब्दाच्या अंतीं, ज्यावर उच्चारचिन्ह नाहीं असा 'ई' हा वर्ण आला, कीं तो बहुधा मौन धरतो. इतकेंच नव्हे, तर क्रियापदांत त्याच्या मागून 'एस' आला, अथवा तृतीय पुरुषी अनेकवचनाचे 'एन' व 'टी' आले, तरी तेही त्याजबरोबर मूक होतात. आतां 'बोलणें' या अर्थाचें क्रियापद वर्तमानकाळांत चालवूं. मी, तूं, तो आणि ते, या चारही कर्त्यांबरोबर ऐकूं येणारें रूप एकच: 'पार्ल्'. अक्षरही एकच. 'आम्ही' या कर्त्याबरोबर 'पार्-लों', व 'तुम्ही' या कर्त्याबरोबर 'पार्-ले', अशीं दोन दोन अक्षरें. म्हणजे कागदावर पांच निरनिराळीं रूपें दिसतात. कानास मात्र तीनच ऐकूं येतात. या उच्चारांतील अनुस्वार केवळ नाकांतून काढावा. त्यापुढें 'न्' किंवा 'म्' स्पष्ट ऐकूं येतां कामा नये. फ्रेंच ध्वनि नागरी लिपींत तंतोतंत उतरत नाहींत. म्हणून आमचें लेखन केवळ दिशा दाखविणारें समजावें.

'एन' व 'टी' यांचें हें मौन केवळ क्रियापदांपुरतें आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. फ्रेंच शिक्षक याविषयीं एक गमतीचें उदाहरण देत असतात. 'मठ' या अर्थाचें नाम व 'कोंबड्या अंडीं उबवितात' यांतील 'उबवितात' हें क्रियापद, हे दोन शब्द फ्रेंचमध्यें वर्णन् वर्ण सारखेच लिहिले जातात. परंतु नामाचा उच्चार 'कू-वां', म्हणजे दोन अक्षरें. आणि क्रियापदाचा 'कूव्', म्हणजे एकच. वाचणाऱ्यानें वाक्यांतील क्रियापद ओळखल्यावांचून त्यास अक्षरेंसुद्धां मोजतां यावयाचीं नाहींत. व्याकरण आणि उच्चार यांची गांठ किती घट्ट आहे, हें यावरून दिसतें.

आतां अक्षरें पाडावयाचे नियम पाहूं. ते थोडे आहेत.

पहिला नियम असा कीं, दोन स्वरांमध्यें एकच व्यंजन असल्यास तें पुढल्या स्वराकडे जातें. 'संपविणें' या अर्थाचें क्रियापद 'फि-नीर्', व त्याचें प्रथम पुरुषी अनेकवचन 'फि-नि-सों'. व्यंजन लेखनांत दुहेरी असलें तरी बोलण्यांत तें एकेरीच असतें. 'देणें' या अर्थाचें क्रियापद लिहितांना दोन 'एन' घालतात, आणि ओळीच्या शेवटीं शब्द तोडावयाचा झाल्यास छापखान्यांत त्या दोहोंच्या मधोमध तोडतात. परंतु बोलतांना अक्षरें 'दो-ने' अशींच पडतात. छापखान्याची फोड निराळी व जिभेची फोड निराळी.

दुसरा नियम: दोन व्यंजनें आलीं तर एक मागें राहतें व एक पुढें जातें. 'पार्-ले' म्हणजे बोलणें, 'पोर्-ते' म्हणजे वाहून नेणें.

तिसरा नियम मराठी विद्यार्थ्यानें विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. दोहोंपैकीं दुसरें व्यंजन 'र्' अथवा 'ल्' असलें, तर तें जोडपें बहुधा फुटत नाहीं. दोन्ही मिळून पुढल्या अक्षरांत जातात. 'उघडणें' या अर्थाचें क्रियापद 'ऊ-व्रीर्', व 'दाखविणें' या अर्थाचें 'मों-त्रे'. आपल्या छंदःशास्त्राची शिकवण याच्या उलट आहे. 'पुत्र' या शब्दांत जोडाक्षराच्या आधींचा 'पु' आपण गुरु मानतों. कारण 'त्'चा भार मागें पडतो. ती संवय फ्रेंचमध्यें नेली म्हणजे 'ऊव्-व्रीर्' असा धक्का बसतो. फ्रेंच जिभेची आवड अशी कीं, अक्षराचा शेवट होतां होईतों स्वरावर व्हावा.

चौथा नियम: जेथें दोन वर्णांचा मिळून एकच ध्वनि होतो, तेथें ते एकच व्यंजन समजावे. 'सी' व 'एच' मिळून 'श' होतो. म्हणून 'शोधणें' हें क्रियापद 'शेर्-शे'. 'जी' व 'एन' मिळून 'ञ' होतो. म्हणून 'मिळविणें, जिंकणें' हें 'गा-ञे'.

अपूर्ण भूतकाळांत आणखी एक बारकावा आहे. 'आम्ही बोलत होतों' हें रूप 'पार्-ल्यों', आणि 'तुम्ही बोलत होतां' हें 'पार्-ल्ये'. येथें 'आय' हा वर्ण स्वर न राहतां 'य्' होतो. म्हणून अक्षरें दोनच. परंतु त्याच्या मागें व्यंजन व 'र्' यांचें जोडपें असेल, तर जिभेस तेवढा भार सोसवत नाहीं, व 'आय' पुन्हां स्वर होतो. 'आम्ही दाखवीत होतों' हें 'मों-त्रि-यों' असें तीन अक्षरी. 'तुम्हांस हवें असेल' या अर्थाचें अत्यंत उपयुक्त व नम्र रूपही 'वू-द्रि-ये' असें तीन अक्षरीच आहे. याच कालांतील एकवचनाचीं तिन्ही रूपें व तृतीय पुरुषाचें अनेकवचन ऐकण्यास सारखींच. त्यांच्या शेवटीं किंचित् उघडा 'ए' असतो.

मुका 'ई' जेव्हां शब्दाच्या मध्यें येतो, तेव्हां तो बोलावा कीं गाळावा? भविष्यकाळांत हा प्रश्न पावलोपावलीं येतो. मोरिस ग्रामों या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानें (१८६६ ते १९४६) याविषयीं एक सोपा नियम घालून दिला. तो 'तीन व्यंजनांचा नियम' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा भावार्थ असा कीं, 'ई' गाळल्यानें तीन व्यंजनें एकत्र येत असतील तर तो गाळूं नये. तसें होत नसेल तर खुशाल गाळावा. 'मी देईन' यांत 'ई'च्या आधीं 'न्' व नंतर 'र्', अशीं दोनच व्यंजनें जवळ येतात. म्हणून 'दोन्-रे', दोन अक्षरें. 'मी बोलेन' यांत मात्र 'र्', 'ल्' व पुन्हां 'र्' यांची गर्दी होते. म्हणून 'पार्-लऽ-रे' अशीं तीन अक्षरें म्हणावीं लागतात. 'आम्ही शोधूं' हें त्याच कारणानें 'शेर्-शऽ-रों'. आणि 'देणें' याचेंच संकेतार्थी रूप, 'आम्ही देऊं, जर…', यांत 'न्', 'र्' व 'य्' एकत्र येऊं पाहतात. म्हणून तेथें 'ई' पुन्हां जिवंत होऊन 'दो-नऽ-र्यों' अशीं तीन अक्षरें होतात. हा नियम स्थूल आहे, त्यास अपवाद आहेत. फ्रान्सच्या दक्षिण भागांत, मार्सेल वगैरे ठिकाणीं, उत्तरेस मूक असणारा 'ई' लोक पुष्कळदां उच्चारितात. तो त्या प्रांताचा सूर समजावा, चूक नव्हे.

कवितेंत तर हा मुका 'ई' चांगलाच बोलका होतो. फ्रेंच वृत्तें अक्षरसंख्येवर रचलेलीं असतात. त्यांतील सुप्रसिद्ध 'आलेक्सांद्रें' या वृत्ताच्या चरणांत बारा अक्षरें असतात. जुन्या परंपरेप्रमाणें मुका 'ई' चरणाच्या मध्यें व्यंजनापूर्वीं आला असतां पूर्ण अक्षर म्हणून मोजला जातो. चरणाच्या अंतीं आला तर मोजीत नाहींत. आपल्या अभंगांत व ओव्यांतही बोलण्यांत लुप्त होणारा 'अ' अक्षर म्हणून मोजला जातोच. बोलण्यांत जें हरवलें तें काव्यानें जतन करावें, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

येथवर अक्षरें झालीं. आतां आघाताकडे वळूं. इंग्रजींत आघात कोठें पडेल हें प्रत्येक शब्दाबरोबर पाठ करावें लागतें. फ्रेंचचा नियम त्या मानानें बालबोध आहे: ज्या अक्षराचा स्वर खरोखर उच्चारला जातो, अशा शेवटच्या अक्षरावर आघात द्यावा. 'पार्ल्' या रूपांत एकच अक्षर, तेव्हां आघात त्याच्यावरच, म्हणजे धातूवर. 'पार्-लों' व 'पार्-ले' यांत तो प्रत्ययावर. 'फि-निस्' (ते संपवितात) यांत दुसऱ्या अक्षरावर. 'फि-नि-सों' यांत तिसऱ्यावर. हा आघात इंग्रजीसारखा हातोड्याचा घाव नव्हे. त्या अक्षराचा स्वर किंचित् लांबवावा, म्हणजे पुरे. बाकीचीं अक्षरें मोत्यांच्या सरासारखीं सारख्या आकाराचीं असावींत. एकही खाऊन टाकूं नये.

परंतु आणखी एक गोष्ट आहे. फ्रेंचमध्यें आघाताचा खरा धनी शब्द नसून शब्दांचा गट आहे. 'नू पार्-लों' (आम्ही बोलतों) एवढेंच म्हटलें, तर आघात 'लों'वर. 'नू पार्-लों फ्रां-से' (आम्ही फ्रेंच बोलतों) असें म्हटलें, कीं तो 'लों'स सोडून 'से'वर जाऊन बसतो. प्रश्न करतांना कर्ता क्रियापदाच्या मागें येतो, तेव्हां आघातही त्याच्याकडे सरकतो. 'तो बोलतो काय?' यास 'पार्-लऽ-तिल्' म्हणतात. मध्यें आलेला 'त्' केवळ दुवा सांधण्यासाठीं आहे, आणि आघात 'तिल्'वर आहे. आज्ञार्थांत तर एक चमत्कार घडतो. 'तें दे' हें 'दोन्-लऽ' असें म्हणतात. येथें गटाचें शेवटचें अक्षर म्हणून खुद्द मुक्या 'ई'सच आघाताचा मान मिळतो.

गटांतील शब्द एकमेकांत मिसळतात, यामुळेंही अक्षरांची फोड बदलते. 'तो प्रेम करतो' हें 'इ-लेम्'. 'ते प्रेम करतात' हें 'इल्-झेम्'. पहिल्यांत सर्वनामाचा 'ल्' पुढल्या अक्षरांत गेला. दुसऱ्यांत अनेकवचनाचा एरवीं मूक असणारा 'एस' जागा होऊन 'झ्' झाला. एकवचन कोणतें व अनेकवचन कोणतें, हें सांगणारी खूण ती एवढीच. त्याहून मोठी जोखीम पुढल्या जोडींत आहे: 'इल्-झों' म्हणजे 'त्यांच्याजवळ आहे', व 'इल्-सों' म्हणजे 'ते आहेत'. 'झ्' आणि 'स्' यांत गफलत झाली, कीं असणें व जवळ असणें यांची उलटापालट होते!

आतां मूळ वचनाकडे येऊं: अनियमित क्रियापदांचें मर्म. त्यासाठीं दोन हजार वर्षें मागें जावें लागेल. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत ज्यूलियस सीझरनें गॉल देश, म्हणजे आजच्या फ्रान्सचा बहुतेक भाग, जिंकला व तेथें लॅटिन भाषा रुजली. लॅटिनमध्यें आघात असा पडे: दोन अक्षरांच्या शब्दांत पहिल्यावर, अधिक अक्षरांच्या शब्दांत उपांत्य अक्षर गुरु असेल तर त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधल्या अक्षरावर. कालांतरानें गॉलमधील बोलींत हा आघात इतका जोरदार झाला कीं, त्याच्या मागून येणारीं अक्षरें झिजून झिजून गळून पडलीं. केवळ 'आ' हा स्वर तेवढा तग धरून राहिला, आणि तोच पुढें मुका 'ई' झाला. 'गातो' या अर्थाचें लॅटिन 'कान्तात्' झिजून फ्रेंच 'शांत्' झालें. 'गातों' या अर्थाच्या 'कान्तामुस्' याच्या जागीं 'शां-तों' आलें. फ्रेंचमध्यें आघात शेवटच्या अक्षरावर कां, याचें उत्तर येथें मिळतें. आघात शेवटाकडे सरकला नाहीं. त्याच्या पुढचें सर्व कांहीं नाहींसें झालें.

आघाताचा दुसरा परिणाम असा झाला कीं, ज्या स्वरावर तो पडे, तो ताणला जाऊन बदले. ज्यावर न पडे, तो पूर्ववत् राही अथवा क्षीण होई. आतां 'येणें' हें क्रियापद पाहा. लॅटिन 'वेनिओ' (मी येतों) यांत आघात 'वे'वर; त्याचें फ्रेंचमध्यें 'व्यें' झालें. 'वेनीमुस्' (आम्ही येतों) यांत आघात 'नी'वर. म्हणून धातूचा स्वर क्षीण राहून 'वऽ-नों' झालें. 'धरणें' याचेंही तसेंच: 'त्यें' व 'तऽ-नों'. 'ऋणी असणें, करणें भाग असणें' याचें 'द्वा' व 'दऽ-वों'. 'मरणें' या क्रियापदांत 'तो मरतो' म्हणतांना ओठांचा चंबू करून 'मेर्', परंतु 'आम्ही मरतों' म्हणतांना 'मू-रों'. 'शकणें' व 'इच्छिणें' यांतही 'मी, तूं, तो, ते' यांच्याबरोबर तोच चंबूचा स्वर. 'आम्ही' व 'तुम्ही' यांच्याबरोबर मात्र सरळ 'ऊ': 'पू-वों', 'पू-वे' व 'वू-लों', 'वू-ले'.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून पाहावें. धातूचा स्वर कोणत्या रूपांत बदलला? 'मी, तूं, तो, ते' या चारांत. आणि कोणत्या रूपांत बदलला नाहीं? 'आम्ही' व 'तुम्ही' या दोहोंत. हीं तींच चार आहेत, कीं ज्यांत 'पार्ल्'सारखा आघात धातूवर असतो. व हीं तींच दोन आहेत, कीं ज्यांत तो प्रत्ययावर असतो. ज्यास आपण अनियमितपणा म्हणून दोष देतों, तो वस्तुतः एक अत्यंत कडक नियम आहे. मात्र तो वर्णांत लिहिलेला नसून आघातांत दडलेला आहे.

गंमत अशी कीं, आज आदर्श म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानावर मिरविणारें 'पार्ले' हें क्रियापद जुन्या फ्रेंचमध्यें स्वतःच अनियमित होतें. उत्तरकालीन लॅटिनमधील 'दृष्टांत, उपमा' या अर्थाच्या ग्रीक वळणाच्या शब्दापासून तें निघालें आहे. 'तो बोलतो' यास जुन्या काळीं 'पारोल' म्हणत, आणि 'आम्ही बोलतों' यास 'पार्लों'. पुढें एका रूपानें दुसऱ्यास आपल्यासारखें करून घेतलें, व 'पारोल' हें क्रियापदांतून गेलें. परंतु 'वचन, वाणी' या अर्थाचें नाम म्हणून तें आजही फ्रेंचमध्यें नांदत आहे. 'प्रेम करणें' यांतही पूर्वीं 'तो' याबरोबर 'एम्' व 'आम्ही' याबरोबर 'आमों' असा भेद होता. आज सर्वत्र 'ए' आहे. परंतु 'आमूर' म्हणजे प्रेम, या नामांत जुना 'आ' टिकून आहे. येणें, धरणें, शकणें, इच्छिणें हीं क्रियापदें मात्र रात्रंदिवस तोंडीं असल्यामुळें त्यांनीं आपला जुना भेद सोडला नाहीं. रोजच्या रहदारीच्या वाटेवर गवत उगवत नाहीं, तसेंच हें.

लेखनांतील ज्या चिन्हांमुळें आपले गुण जातात, त्यांतील कित्येकांचा उगमही येथेंच आहे. 'विकत घेणें' या क्रियापदांत 'आम्ही विकत घेतों' हें 'आश्-तों'. मधला 'ई' मुका, त्यावर चिन्ह नाहीं. 'मी विकत घेतों' यांत मात्र शेवटचा 'ई' मुका झाला, तेव्हां आघात आधल्या 'ई'वर पडलाच पाहिजे. मुका राहून तो आघात पेलणार कसा? म्हणून तो उघडा होतो, 'आ-शेत्', व डावीकडून उजवीकडे उतरणारें चिन्ह डोक्यावर धारण करतो. 'हांक मारणें' व 'फेंकणें' यांत चिन्हाऐवजीं पुढलें व्यंजन दुहेरी लिहितात, हेतु तोच. एका शब्दाच्या शेवटीं दोन मुकीं अक्षरें लागोपाठ येऊं द्यावयाचीं नाहींत, एवढेंच यांतील तत्त्व. 'मी बोलतों काय?' या ग्रांथिक प्रश्नार्थी रूपांतही याच तत्त्वानें क्रियापदाच्या शेवटच्या 'ई'वर चिन्ह चढतें. पूर्वीं तें चिन्ह उजवीकडे चढणारें असे; प्रत्यक्ष उच्चार उघडा असल्यामुळें १९९० सालच्या शुद्धलेखन-सुधारणेंत तें उतरणारें लिहावें, अशी शिफारस झाली.

हें सर्व वाचून कोणी गोंधळूं नये. अभ्यासाची कृति अगदीं साधी आहे. नवें क्रियापद समोर आलें म्हणजे त्याचीं रूपें लिहावीं. जे वर्ण बोलले जात नाहींत, त्यांवर पेन्सिलीनें बारीक रेघ मारावी. उरलेले स्वर मोजावे, तितकीं अक्षरें झालीं. मग वरील नियमांनीं त्यांची फोड करावी, व शेवटच्या अक्षराखालीं आघाताची खूण करावी. 'ते शोधतात' व 'ते शोधीत होते' हीं दोन रूपें अशीं करून पाहिलीं, तर पहिल्याचें 'शेर्श्', एक अक्षर, आणि दुसऱ्याचें 'शेर्-शे', दोन अक्षरें, असें दिसेल. लेखनांत दोहोंच्या शेवटीं तेच तीन वर्ण. केवळ त्यांच्या आधीं 'ए' व 'आय' यांचा फरक. पण आघात पहिल्यांत धातूवर आणि दुसऱ्यांत प्रत्ययावर. म्हणून ऐकणारा कधीं चुकत नाहीं. अशीं रूपें मोठ्यानें, आघात दाखवून, आणि नेहमीं कर्त्यासह म्हणावीं. मनांत घोकलेलें क्रियापद मनांतच राहतें.

आतां आमच्या वर्गांत रूपांचा तक्ता निराळ्या रीतीनें लिहितात. 'मी, तूं, तो, ते' हीं एका रांगेंत, व 'आम्ही, तुम्ही' हीं दुसरींत. पहिल्या रांगेवर 'धातूवर आघात', दुसरीवर 'प्रत्ययावर आघात' असें शीर्षक असतें. त्या मुलास आम्ही त्याच दिवशीं फळ्यावर असाच तक्ता काढून दाखविला होता. त्यानें तो बराच वेळ न्याहाळला, दोन तीन वेळां 'इल् पार्ल्, इल् पार्ल्' असें हळूच म्हणून पाहिलें, आणि मग म्हणाला, 'म्हणजे सर, त्यांचें बरोबर होतें. मीच लिहिलेलें ऐकावयास बसलों होतों.' त्याचे ते शब्द आम्हीं पुढल्या प्रत्येक वर्गास सांगितले आहेत. भाषा लिहिली जाते ती पुढें. प्रथम ती कोणाच्या तरी मुखांतून येते व कोणाच्या तरी कानांत शिरते. आपल्यापैकीं ज्यास कधीं फ्रेंच माणसानें त्याच्या आईवडिलांचें कुशल विचारलें, त्यास तें ओळखूं यावें व दोन अक्षरांचें का होईना, पण उत्तर देतां यावें, एवढीच आमची इच्छा आहे.